सुट्टी फोडणारा माणूस

६ जानेवारी, सोमवार

नवीन वही. ग्लेनिसने नाताळला दिली. बायको आपण होऊन नवऱ्याला वही का देते, हा प्रश्न आहे. पण नव्या वर्षाचा पहिला संकल्पच असा की उगाच कोणावर संशय घ्यायचा नाही. म्हणून घेत नाही. फक्त नोंद करून ठेवतो.

दुसरा संकल्प, डोनट बंद. तिसरा, बर्फ वितळायच्या आत उपसंचालक व्हायचं.

मी लॉर्न पिकर्सगिल, एल्डरटन शाळामंडळाचा वाहतूक-प्रमुख. बर्फाचं वादळ आलं की शाळांना सुट्टी द्यायची की नाही, हे मी ठरवतो. संचालक नाही, बोर्ड नाही, मी. शहरातली सगळी पोरं आणि त्यांचे आईबाप थंडीचे चार महिने माझ्या तोंडाकडे बघत असतात. हे ओझं कोणालाही पेलणारं नाही.

वही फ्रीजरमध्ये पेरोगीच्या, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांच्या, पिशवीखाली ठेवतो. तिथे कोणी हात घालत नाही.

९ जानेवारी, गुरुवार, संध्याकाळ

उद्या वादळ. नियम असा की प्रमुखाने पहाटे उठून गाडी काढायची, शहराबाहेरचे रस्ते डोळ्यांनी बघायचे आणि मग ठरवायचं. नियम करणाऱ्याला माझा डावा गुडघा माहीत नव्हता. गुडघा आदल्या संध्याकाळीच सांगतो. शिवाय उत्तरेच्या रस्त्यावर बोर्डाच्या अध्यक्ष इर्माबाईंचं शेत आहे आणि त्यांचं कुत्रं गाडीमागे लागतं. तेव्हा ठरलं, उद्या सुट्टी. जाहीर पहाटेच करायचं. तोपर्यंत ऑफिसातल्या एकट्या डोरीनला सांगितलं, निरोप तयार ठेवा.

गाडीला वायर लावली नाही. उणे तीसात रात्रभर इंजिन विजेवर शेकावं लागतं, नाहीतर सकाळी गाडी मेलेली. पण सकाळी जायचंच नाही तर इंजिन शेकून त्यावर काय पाव भाजायचाय? बिल मी भरतो. गाडी गॅरेजात ठेवली असती, पण गॅरेजात ग्लेनिसच्या गोधड्यांचं सामान आहे, म्हणून ती दारात, रस्त्याकडे तोंड करून.

समोरचा विल्फ कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आला. जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेला माणूस. माझ्या गाडीकडे बघून म्हणाला, काय रे लॉर्न, आज वायर नाही? म्हटलं, नाही. खुशीत शीळ घालत आत गेला. माझी वीज वाचली तर याला कसला आनंद?

१० जानेवारी, शुक्रवार

सहाला रेडिओवर सुट्टी जाहीर केली. नेहमीचं शेवटचं वाक्य, मी स्वतः रस्ते बघून आलो आहे, जरा दमल्या आवाजात म्हणतो. अंगात तेव्हा गाऊन होता.

सातला संचालक बेव्हर्लीबाईंचा फोन. ऑगस्टात टोरंटोहून आल्या आहेत, अजून कानटोपी नीट घालता येत नाही. म्हणाल्या, काल संध्याकाळी दुकानात गेले तर पॉपकॉर्न संपलेलं. गल्ल्यावरची बाई मला म्हणते, उद्या सुट्टी ना, सगळे घेऊन गेले. कर्लिंग क्लबात दगड सरकवत खेळायचा सकाळचा बर्फ शिक्षकांनी कालच राखून ठेवला. लॉर्न, तुम्ही पहाटे ठरवता ना? मग शहराला आदल्या दिवशी कसं कळतं? पेपर फुटावा तशी सुट्टी फुटतेय.

मग म्हणाल्या, शोधा. मार्चच्या आत शोधा. ज्याच्या हाताखालून गुपित गळतं त्याला मी उपसंचालक कसं करू?

रागाने कान तापले. गुपित फक्त तिघांना माहीत. मी, डोरीन आणि गुडघा. गुडघा बोलत नाही.

१३ जानेवारी, सोमवार

डोरीन फ्रीसेन. सतरा वर्षं माझ्या खोलीबाहेर बसते. फोन घेते, बसचालकांची भांडणं मिटवते, माझ्या वाढदिवसाला बटर टार्ट करते. चेहरा निरागस. आजवर ही गोष्ट मला खटकली नव्हती, हेच खटकतंय.

ग्लेनिसला विचारलं, डोरीन तुला कशी वाटते? म्हणाली, तुझ्यासारख्या माणसाला सतरा वर्षं सांभाळलं म्हणजे संतच. उलट विचारलं, तू कोणाशी बोलत नाहीस ना? म्हणाली, चोराच्या मनात चांदणं. हे उत्तर नव्हे. नोंद केली.

१५ जानेवारी, बुधवार

एक चांगली गोष्ट. आकाश भरून आलं की संध्याकाळी आमच्या घरासमोर गाड्या हळू होतात. आज पाच तरी झाल्या. एका बाईने काच खाली करून चांगलं निरखून बघितलं आणि गेली. पलीकडच्या गल्लीतली कुत्रीवाली तर वादळाच्या आदल्या संध्याकाळी हटकून याच रस्त्याने कुत्रं फिरवते.

ग्लेनिसला म्हटलं, लोकांना पदाची किंमत असते. मी खिडकीतून हात हलवतो. तेही हलवतात. ग्लेनिस म्हणाली, लॉर्न, ते तुझ्याकडे बघत नाहीत रे. मत्सर. तिच्या गोधड्या बघायला कोणी थांबत नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

सापळा लावला. बर्फ भुरभुरतोय, बंद करण्याइतका नाही. पण डोरीनला बोलावून, दार लावून, हळू आवाजात सांगितलं, उद्या सुट्टी, कोणाला बोलू नका. उद्या शाळा आहेच. आता शहरात पॉपकॉर्न खपलं की डोरीन सापडली.

उद्या ऑफिसात जायचंय म्हणून गाडीला वायर लावली. समोरून विल्फने दोन्ही हात पसरले आणि मान हलवली. म्हातारपण.

२२ जानेवारी, बुधवार

कोणी फसलं नाही. सगळी पोरं गृहपाठासकट हजर. दुकानात पॉपकॉर्न रचून ठेवलेलं. शिक्षकांचे चेहरे नेहमीसारखे आंबट.

डोरीनने कॉफी आणून दिली. म्हणाली, सुट्टी नाही का मग? म्हटलं, विचार बदलला. म्हणाली, मला वाटलंच.

मला वाटलंच! म्हणजे सापळा ओळखला आणि मुद्दाम गप्प राहिली. साधी बाई नाही ही. सतरा वर्षं मी वाघिणीच्या हातची कॉफी पितोय.

२९ जानेवारी, बुधवार

काल वादळाचा रंग बघून ठरवलं, सुट्टी, आणि कोणालाही सांगितलं नाही. डोरीनलाही नाही. निरोप स्वतः टाइप केला, दोन बोटांनी. घरी आलो, गाडी उभी केली, वायर गुंडाळून भिंतीला टांगली, दिवे मालवले. शब्द नाही काढला.

तरी फुटली. कर्लिंग क्लब रात्रीच भरला होता. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी सकाळी साडेसहाला बेव्हर्लीबाईंचा फोन उचलला तो आपल्या बहिणीच्या गावाहून, दोनशे किलोमीटरवरून.

याचा अर्थ एकच. डोरीन माझा चेहरा वाचते. उद्यापासून ऑफिसात कानटोपी भुवयांपर्यंत आणि गळपट्टा नाकापर्यंत. हीटर पूर्ण चालू असल्याने घाम फार येणार. दुपारी एक डोनट. दुःखात खाल्लेला धरत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

कठीण दिवस.

डोरीन खाली गेली असताना तिचा डबा उघडून बघितला. एक सँडविच, अर्धा विणलेला मोजा. मोज्यात हात घालून बघत असताना ती दारात उभी. मीच बोललो. म्हटलं, उद्यापासून तुम्ही बस-गॅरेजात. तिथे चालकांच्या हजेरीला माणूस हवाच आहे.

म्हणाली, कशाबद्दल? म्हटलं, तुम्हाला माहीत आहे. म्हणाली, लॉर्न, एक सांगू का, तुमच्या गाडीचं आहे ना, ती वायर... मी हात वर केला. म्हटलं, विषय बदलू नका, गाडीबद्दल बोलायची ही वेळ आहे का?

मग ती बसली नाही. खिडकीतलं जिरेनियमचं रोप घेतलं, थंडीत मरू नये म्हणून स्वतःच्या गळपट्ट्यात गुंडाळलं. जाताना म्हणाली, सतरा वर्षं झाली. मला विचारायचं तरी होतं. मी सांगितलं असतं.

म्हणजे कबुलीच की. पण मनाला आनंद झाला नाही, का कोण जाणे. दुपारभर बाहेरचा फोन वाजत होता आणि मी कोणीतरी उचलेल म्हणून वाट बघत होतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

डोरीन नाही, तरी आजची सुट्टी फुटलीच. याचा अर्थ जाळं मोठं आहे.

घरात राहिलं कोण? ग्लेनिस. आठवड्यातून तीनदा बहिणीशी फोनवर बोलते आणि मी आलो की हसते. तळघरात झोपायला लागलोय. झोपेत बोललो तर निदान बॉयलरशी बोलेन.

आज जेवताना ती म्हणाली, लॉर्न, आता पुरे झालं हं. अरे, अख्ख्या गावाला ठाऊक आहे ते... मी म्हटलं, ज्यांचे हात यात गुंतले असतील त्यांच्याकडून मला काही ऐकायचं नाही. म्हणाली, बरं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. म्हटलं, यात कळशाचा काय संबंध? म्हणाली, काही नाही, पेरोगी घे अजून.

पेरोगी घे अजून. म्हणजे फ्रीजरबद्दल कळलंय हिला. वही आता मटारखाली. पेन गोठतं, तोंडात धरून वितळवावं लागतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार, संध्याकाळ

उद्या दहाला उपसंचालकपदाची मुलाखत. आणि आज हवामानखातं म्हणतंय, हंगामातलं सगळ्यात मोठं वादळ. गुडघा तर दुपारपासून बोंब मारतोय. उद्या सुट्टी, पक्की. मी, गुडघा आणि ही वही.

शाळा बंद, पण मुलाखत होणारच. बोर्डातली निम्मी माणसं शेतकरी. इर्माबाई वादळाला भिऊन घरी बसल्या असं कोणी ऐकलेलं नाही. तेव्हा उद्या गाडी लागणार. वायर लावली. दोनदा ओढून बघितली. नारिंगी वायर पांढऱ्या बर्फावर छान दिसते.

गाड्या आज भरपूर आल्या. हळू झाल्या आणि काय झालं कोण जाणे, वैतागल्यासारख्या निघून गेल्या. कुत्रीवालीने कुत्र्याला ओढत नेलं. विल्फ दारात आला, वायरीकडे बघत राहिला. म्हणाला, एवढ्या वादळात शाळा ठेवणार? वेड लागलंय काय रे तुला? मी मंद हसलो. म्हणाला, तू जाणे बाबा.

म्हणजे विल्फलासुद्धा पत्ता नाही! मुद्दाम दुकानात जाऊन आलो. पॉपकॉर्न शीगोशीग. कर्लिंग क्लबात फोन केला, सकाळचा बर्फ रिकामा. या हिवाळ्यात पहिल्यांदा माझं गुपित गुपित राहिलं. डोरीन गेली, ग्लेनिसला तोडलं, त्याचं फळ. उद्या मुलाखतीत हेच सांगणार. पुरावा म्हणून पॉपकॉर्नचा फोटो काढला आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार, संध्याकाळ

जे घडलं ते क्रमाने लिहितो.

सहाला रेडिओवर सुट्टी जाहीर केली. मी स्वतः रस्ते बघून आलो आहे. मग आरशासमोर मुलाखतीची तयारी. साडेसातपासून फोन. अर्धं शहर पोरांना घेऊन शाळांच्या कुलूपबंद दारांशी उभं. समोरचा हात दिसत नाही असं वादळ, पोरांच्या पापण्यांवर बर्फ, शिक्षक गाड्या ढकलतायत. एक बाप मला फोनवर म्हणाला, काल तर शाळा आहे म्हणालास ना? म्हटलं, मी? कधी? शिवी देऊन फोन ठेवला.

रेडिओ कोणी ऐकलाच नव्हता. रेडिओ म्हणे वर्षानुवर्षं कोणी ऐकत नाही. लोकांना आदल्या संध्याकाळीच कळलेलं असतं.

बसगाड्याही निघाल्याच असत्या. गॅरेजात सगळ्या इंजिनं तापवून तयार. डोरीन एकटीने रेडिओ लावला होता. ती फाटकात पहिल्या बससमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, आधी मला तुडवा, मग जा. मग एकेका शाळेच्या केअरटेकरला उठवून दारं उघडायला लावली, हीटर चालू करायला लावले. कोणाला काही झालं नाही. बसची वाट बघत खेड्यातलं एखादं पोर रस्त्यावर उभं राहिलं असतं तर, हे मी मनात आणत नाही. सारखं मनात येतं.

नोंदीसाठी, डोरीनला गॅरेजात मी नेमलं होतं.

मुलाखत झाली. इर्माबाई बुटांवरचा बर्फ सतरंजीवर झटकत बसल्या होत्या. पहिला प्रश्न, आज कोणता रस्ता बघितलात? म्हटलं, उत्तरेचा, तुमच्या शेतावरून, नदीच्या पुलापर्यंत. म्हणाल्या, असं का? मी पहाटेपासून त्याच रस्त्यावर ट्रॅक्टरने बर्फ ओढतेय. तुम्ही नाही दिसलात.

म्हटलं, वादळात दिसत नाही हो. म्हणाल्या, ते असू दे. काल वायर का लावली होती?

मी म्हटलं, कोणती वायर?

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. बेव्हर्लीबाईही, पण त्यांना काही कळत नव्हतं. इर्माबाई सावकाश बोलल्या. म्हणाल्या, लॉर्न, तुमच्या दारातल्या गाडीला वायर असली म्हणजे उद्या शाळा. वायर नसली म्हणजे सुट्टी. विल्फने कधीतरी ओळखलं आणि कर्लिंग क्लबात सांगितलं, त्याला आता किती हिवाळे झाले. सगळं शहर तुमच्या घरावरून चक्कर मारून जातं. आम्हाला वाटायचं तुम्ही मुद्दाम कळवता. उघड सांगता येत नाही म्हणून असं सांगता. भला माणूस आहे, असं म्हणायचो आम्ही.

पॉपकॉर्नचा फोटो खिशात होता, तो काढला नाही.

मग त्या म्हणाल्या, एक कोडं मात्र सुटत नव्हतं. वायर न लावलेली गाडी उणे तीसात पहाटे सुरू कशी होते आणि हा माणूस रस्ते बघून येतो कसा?

मला काहीतरी सांगायलाच हवं होतं. मी म्हटलं, माझा डावा गुडघा.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

उपसंचालक दुसऱ्या शहरातून येणार. सुट्टी यापुढे बेव्हर्लीबाई ठरवणार. मी पहाटे खरोखर रस्त्यावर जायचं आणि तिथून बस-गॅरेजात फोन करून काय दिसतं ते सांगायचं. गॅरेजातून खात्री झाली असा निरोप आल्याशिवाय माझं सांगणं त्या धरणार नाहीत. म्हणाल्या, राग मानू नका. म्हटलं, छे.

तळघरातून वर आलो. ग्लेनिसला म्हटलं, तू आधी सांगायचंस. म्हणाली, वही मटारातून काढ, कागद ओले होतायत. वाचली नसावी. वाचली असती तर पेरोगी वाढल्या नसत्या.

४ मार्च, मंगळवार

बस-गॅरेजात गेलो. डोनटचा खोका घेऊन. डोरीनच्या टेबलावर जिरेनियम, त्याला कळी आलेली. चालक येता-जाता तिच्याशी गप्पा मारत होते, कोणीतरी तिच्या खुर्चीला उशी शिवून दिली आहे.

म्हटलं, तुम्ही परत या. फोन कोणी उचलत नाही. म्हणाली, इथे बरं आहे लॉर्न. इथे कोणी डबा उघडून बघत नाही. म्हटलं, तो एक गैरसमज होता. म्हणाली, कोणाचा? मी खोका पुढे केला. ती म्हणाली, डोनट ठेवा तिथे, पोरं खातील. पन्नाशीच्या चालकांना ती पोरं म्हणते.

परत आलो आणि तिच्या रिकाम्या खुर्चीवर जरा वेळ बसलो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, इथे कोणी वाचत नाही.

१२ मार्च, बुधवार, पहाट

पुन्हा वादळ. गाडीत बसून लिहितोय, पेन तोंडात धरून. वायर काल लावली होती. आता रोज लावतो, सुट्टी असो नसो. रस्त्यावरून कोणी बघायला येत नाही.

इर्माबाईंच्या शेतापाशी गाडी उभी करून गॅरेजात फोन लावला. डोरीनने उचलला. म्हटलं, उत्तरेच्या रस्त्यावरून बोलतोय, काहीच दिसत नाही, बंद करा. म्हणाली, तुम्ही नक्की रस्त्यावर आहात? म्हटलं, म्हणजे काय. म्हणाली, वारा ऐकू येत नाही.

काच खाली करून वारा ऐकवला. अर्धा बर्फ मांडीवर आला. म्हणाली, वारा तर तुमच्या दारातही असतो. हॉर्न वाजवा. वाजवला. म्हणाली, हॉर्न काय, कुठेही वाजतो. वाजवत राहा.

वाजवत राहिलो. शेवटी अंधारातून इर्माबाईंचं कुत्रं भुंकत आलं आणि दारावर पाय देऊन काचेच्या फटीत तोंड घालून माझ्यावर गुरगुरायला लागलं. मी फोन त्याच्यासमोर धरला.

डोरीनने पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बरं. आता सांगा, काय दिसतंय?